पाहुण्याची साक्ष

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा हे ठिकाण आहे. जिंतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला सेलूकडून आलेला रस्ता इथे मिळतो. फाट्यावर उतरलेल्या माणसाला चहाची हॉटेले, एस.टी.ची वाट पाहणारी माणसे आणि दोन्ही बाजूंची काळी शेते दिसतात. एवढे पाहून मराठवाड्याविषयी मत बनवणारे प्रवासी थोडे नाहीत. वास्तविक ‘फाटा’ ह्या शब्दातच प्रवाशाला एक सूचना आहे. मुख्य वाट सोडल्याशिवाय गाव भेटत नाही, असे तो शब्द सांगतो.

२०१६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. परभणी जिल्ह्याची स्थितीही फारशी निराळी नव्हती. दुष्काळाची पाहणी करण्यासाठी काही मंडळी ह्या रस्त्याने आली. मी त्या दिवशी फाट्याजवळच्या एका ओळखीच्या शेतकरी कुटुंबाकडे होतो. मंडळी अंगणात येताच घरातल्या आजीबाईंनी बाजेवर सतरंजी अंथरली, नातीला मागच्या दाराने शेजारी पिटाळले आणि वाटीभर उसनी साखर आणवून सर्वांना गोड चहा पाजला. मंडळींनी चहाचे कौतुक केले, रस्त्यालगतची दोन शेते पाहिली आणि ती गाडीकडे वळली. जाता जाता त्यांच्यातले एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, “माणसं समाधानी दिसतात.”

गाडी गेल्यावर मी आजीबाईंना विचारले, “तुम्ही त्यांना घरातली अवस्था का सांगितली नाही?” त्या म्हणाल्या, “लेकरा, दारी आलेल्या मानसापुढं आपलं दुखणं वाढावं का?”

आजीबाईंचे काही चुकले असे मला वाटले नाही. अब्रूने जगणाऱ्या माणसाची ती रीतच आहे. पण त्या गृहस्थांचे काय? ते खोटे बोलले नव्हते. त्यांना जे दिसले तेच त्यांनी सांगितले होते. तरीही त्यांचे ते वाक्य कागदावर उतरले असते, तर त्या कागदाने त्या घरावर अन्याय केला असता. त्यांच्यातल्या एका तरुणाने त्या दिवशी निराळे काही केले. ते मी शेवटी सांगेन.

ह्या लहानशा प्रसंगाने एक मोठा प्रश्न माझ्यापुढे उभा केला. पाहुण्याला दाखवले जाते तेवढे पाहून परतण्याची मुभा आहे, की न दाखवलेले शोधण्याचे त्याच्यावर बंधन आहे? ज्याच्या घरी जेवलो त्याच्या घरातली उपासमार बाहेर सांगणे हा कृतघ्नपणा होतो का? आणि खरे बोलल्याची किंमत त्या घरातल्याच एखाद्या दुबळ्याला मोजावी लागणार असेल, तर काय करावे? आजीबाईंच्या अंगणात हे प्रश्न सौम्य होते, कारण तिथला पडदा अब्रूचा होता. जिथे तो पडदा भीतीचा असतो आणि यजमान एक सबंध राज्य असते, तिथे हेच प्रश्न जीवनमरणाचे होतात. म्हणून जगापासून स्वतःला तोडून घेतलेल्या साम्यवादी राज्यांत परक्या माणसांना काय अनुभव आले, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

आजच्या काळातले अशा राज्याचे ठळक उदाहरण म्हणजे उत्तर कोरिया. तिथे गेलेल्या परदेशी पाहुण्याबरोबर सरकारने नेमलेले मार्गदर्शक असतात, आणि ते बहुधा दोन असतात. एकाने पाहुण्याकडे पाहावे आणि दोघांनी एकमेकांकडे, असा त्यातला हेतू असल्याचे तिथून आलेले पुष्कळ जण सांगतात. एकट्याने फिरायला निघण्याची सोय नाही. राजधानी प्योंगयांगमधील नेत्यांच्या पुतळ्यांसमोर वाकून फुले वाहावी लागतात. वर्तमानपत्रात नेत्याचे छायाचित्र असेल तर त्यावर घडी पडू द्यायची नाही, असा दंडक. परदेशी रहिवाशाला भ्रमणध्वनी मिळतो, परंतु त्यावरून स्थानिक माणसाशी बोलता येत नाही. दोघांची जाळी वेगळी ठेवलेली आहेत. १९८८ साली तिथे एक कॅथलिक चर्चही बांधण्यात आले; पण त्या वेदीवर मिस्सा अर्पण करणारा कायमचा धर्मगुरू नाही. ज्या धर्मप्रांताचे बिशप फ्रान्सिस हाँग १९४९ साली नाहीसे झाले आणि पुन्हा कधी दिसले नाहीत, त्या धर्मप्रांताचे हे चर्च आहे. पाहुण्याला दिसते ते एवढे.

ह्या देशाशी भारताचे राजनैतिक संबंध १९७३ पासून आहेत, आणि तिथे राहिलेल्यांत मराठी माणूसही आहे. जानेवारी २०२० मध्ये साथीच्या भीतीने त्या राज्याने आपल्या सीमा बंद केल्या, तेव्हा आतल्या परदेशी माणसांचे जिणे फार कठीण झाले. २०२१ च्या फेब्रुवारीत काही रशियन राजनैतिक अधिकारी आपल्या मुलाबाळांना एका ढकलगाडीवर बसवून, ती रुळांवरून हाताने ढकलत सीमेपार गेले. त्याच वर्षीच्या जुलैत भारतीय दूतावासातील मंडळी परतली. त्या वेळी राजदूतपदी अतुल गोतसुर्वे हे मराठी अधिकारी होते. निघून जाण्याची वाट कितीही बिकट असली, तरी पाहुण्याला ती असते. मागे राहिलेल्याला ती नसते. पाहुणा आणि यजमान देशाचा सामान्य नागरिक यांच्यातला हा फरक आपण क्षणभरही विसरता कामा नये.

अशा ठिकाणाहून परतणाऱ्याला दोन मोह होतात. पहिला, दाखवलेल्यावर विश्वास ठेवण्याचा. दुसरा, सगळेच नाटक आहे असे म्हणून तिथल्या माणसांची टिंगल करण्याचा. पहिला मोह भोळेपणाचा वाटतो, दुसरा हुशारीचा. परंतु दोहोंतही समोरचा माणूस नाहीसा होतो. पाहुण्याला पुतळ्यापुढे नेणारी ती मार्गदर्शक मुलगी कदाचित मनापासून आपल्या शहराचा अभिमान बाळगत असेल, कदाचित घरी आजारी आई असेल, कदाचित त्या रात्री तिला दिवसभराचा हिशेब द्यायचा असेल. ती बाहुली नाही. तीही आपली शेजारीण आहे.

पहिला मोह किती महाग पडतो, हे १९३३ साली युक्रेनमध्ये दिसले. सोव्हिएत सरकारने शेतकऱ्यांचे धान्य जबरीने उचलल्यामुळे त्या दुष्काळात तेथे तीस लाखांहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेरीस फ्रान्सचे माजी पंतप्रधान एदुआर एरिओ युक्रेनमध्ये पाहुणे म्हणून गेले. त्यांच्यासाठी रस्ते झाडून घेतले होते, दुकाने भरून ठेवली होती. त्यांनी परतून सांगितले की, तो प्रदेश म्हणजे बहरलेली बाग आहे. त्याआधी मार्च महिन्यात गॅरेथ जोन्स नावाचा वेल्सचा एक तरुण पत्रकार मात्र वाटेत आगगाडीतून उतरला, बर्फातून पायी गावोगाव हिंडला, शेतकऱ्यांच्या झोपड्यांतून झोपला आणि भाकरी नाही हे शब्द त्याने त्यांच्याच तोंडून ऐकले. बर्लिनला पोहोचताच त्याने ते जगाला सांगितले. दोनच दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या मॉस्कोतील नामांकित बातमीदाराने, वॉल्टर ड्युरँटी यांनी, त्याचे म्हणणे खोडून काढणारा मजकूर लिहिला. जगाने नामांकितावर विश्वास ठेवला.

जोन्सप्रमाणेच आणखी एका पत्रकाराने त्या मार्चमध्ये सत्य बाहेर पाठवले. तो मॅल्कम मगरिज. त्याने आपला मजकूर ब्रिटिश वकिलातीच्या टपालातून धाडला, म्हणून तो सरकारी कात्रीतून सुटला. मगरिज साम्यवादाची आशा मनात धरूनच मॉस्कोला गेला होता, हे विशेष. ह्याच मगरिजने पुढे १९६९ मध्ये कलकत्त्याला येऊन मदर तेरेसांवर चित्रपट केला आणि त्यांचे नाव जगभर पोहोचवले. १९८२ साली त्याने कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. मरणाऱ्या शेतकऱ्यांकडे पाहताना ज्याने डोळे मिटले नाहीत, त्यालाच कालीघाटच्या मरणोन्मुखांजवळ बसलेली ती धर्मभगिनी दिसावी, ह्यात मला तरी योगायोगापेक्षा अधिक काही वाटते.

एरिओंचा दोष कोणता? ते फसले, हा दोष नव्हे. फसणे हे कुणाच्याही वाट्याला येते. त्यांना फसवून घ्यायचे होते, हा दोष होय. त्यांच्या देशाला त्या वेळी सोव्हिएत रशियाची मैत्री हवी होती. ज्याला स्वच्छ रस्ता पाहूनच परतायचे असते, त्याच्यासाठी रस्ता झाडून ठेवणारे पुष्कळ भेटतात. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई करते. आपण तिचा अर्थ बहुधा खोटे बोलण्यापुरता घेतो. पण पाहण्यात केलेली कुचराईही खोटी साक्ष होऊ शकते. बाबेलच्या दूतांना आपले भांडार अभिमानाने दाखवणाऱ्या हिज्कीया राजाला यशया संदेष्ट्याने विचारले होते, त्यांनी तुझ्या घरात काय पाहिले? तोच प्रश्न परतलेल्या दूतांनाही विचारायला हवा होता, आणि त्याला जोडून आणखी एक: तुम्ही काय पाहायचे टाळले?

मग पाहुण्याने केवळ पाहून बोलावे, एवढेच त्याचे कर्तव्य आहे काय? इथे आपल्या महाराष्ट्रातल्याच एका माणसाची आठवण येते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ साली राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते येनानला पोहोचले. तिथे माओंच्या पक्षाचे केंद्र होते. अजून ते राज्य नव्हते. जपानी फौजांनी आणि चीनमधल्याच मध्यवर्ती सरकारच्या नाकेबंदीने वेढलेला तो एक टापू होता. पुढे कोटणीस त्याहून आत, शान्सी, चाहार व होपेई प्रांतांच्या सीमेवरील डोंगरांत गेले. जेवायला राळ्याचा भात असे. राळे हेच तिथले रोजचे अन्न होते. औषधे अपुरी, शस्त्रक्रियेची साधने त्याहून अपुरी. वडील वारल्याची बातमी त्यांना चीनमध्येच मिळाली. तरी ते परतले नाहीत. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, ती बोलूनच नव्हे, तर लिहून-वाचूनही. डॉ. नॉर्मन बेथ्यून या कॅनडाच्या शल्यविशारदाच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे ते १९४१ मध्ये प्रमुख झाले. तिथल्याच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव इन्हुआ ठेवले. त्यात भारत आणि चीन ही दोन्ही नावे आहेत. पाचांपैकी चौघे डॉक्टर मायदेशी परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच निवर्तले.

कोटणीस श्रद्धेने आपल्यापैकी नव्हते; अखेरच्या वर्षी ते साम्यवादी पक्षाचे सभासदही झाले होते. पण संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायाचा प्रसंग आठवा. आजाऱ्याजवळ जाणाऱ्याला प्रभू जवळ बोलावतो, आणि तो माणूस चकित होऊन विचारतो की, मी तुला कधी भेटलो? त्या चकित होणाऱ्यांत हा सोलापूरचा डॉक्टर असेल, अशी माझी श्रद्धा आहे. त्याने पाहुणेपणच संपवले. पाहुण्याला वाढलेले निराळे ताट त्याने बाजूला सारले आणि सर्वांच्या ताटात जेवला. परतीचे दार त्याच्यासाठी उघडे होते. त्याने ते स्वतःच्या हाताने लोटून घेतले.

तथापि सहभागी झाल्याने माणूस सर्वज्ञ होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच युद्धात, त्याच उत्तर चीनमध्ये दुसरा एक परदेशी जखमी सैनिकांना डोलीतून वाहून नेत होता. ते बेल्जियमचे धर्मगुरू व्हिन्सेंट लेब. १९०१ पासून ते चीनमध्ये होते. चिनी धर्मप्रांतांना चिनी बिशप मिळावेत म्हणून ते आयुष्यभर झगडले. १९२७ मध्ये त्यांनी चिनी नागरिकत्व घेतले. आपल्या चिनी धर्मबंधूंना घेऊन ते रणभूमीवर उतरले होते. मार्च १९४० मध्ये त्यांना साम्यवादी सैन्याने पकडले आणि सुमारे सहा आठवडे कैदेत ठेवले. सुटले तेव्हा ते खंगलेले होते. २४ जूनला चुंगकिंग येथे त्यांनी देह ठेवला. कोटणीस यांना ज्या चळवळीने मुलासारखे जपले, तिनेच लेब यांना बंदिवान केले. पुढे १९४७ मध्ये, ज्या सीमाप्रदेशात कोटणिसांनी सेवा केली त्याच प्रदेशातील यांगजियापिंगचा त्रापी मठ उद्ध्वस्त झाला आणि त्याचे ३३ मठवासी हालहाल होऊन मेले. कोटणीस तोपर्यंत हयात नव्हते. त्यांच्या साक्षीला आपण खोटी म्हणू शकत नाही. लेबांच्या साक्षीलाही नाही. दोघांनीही जे पाहिले ते स्वतःचा देह गहाण टाकून पाहिले. अशा दोन साक्षी एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात, तेव्हा आपल्याला सोयीची एक निवडून दुसरी दडपणे हे ऐकणाऱ्याचे पाप ठरते. साक्ष देणाऱ्यावर जशी जबाबदारी असते, तशी ऐकणाऱ्यावरही असते.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. बोलले तर सेवा थांबते आणि सेवा चालू ठेवायची तर बोलता येत नाही, अशी वेळ आल्यास काय करावे? १९९० च्या दशकात उत्तर कोरियात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो माणसे दगावली. त्यानंतर तिथे आलेल्यांत नॉर्बर्ट फोलर्टसन नावाचे जर्मन डॉक्टर होते. एका भाजलेल्या रुग्णासाठी त्यांनी स्वतःची त्वचा काढून दिली. सरकारने त्यांना मैत्रीचे पदक दिले. त्या पदकामुळे पहारेकरी वाट सोडत. त्याचा उपयोग करून फोलर्टसन परक्यांना न दिसणाऱ्या जागी गेले, आणि तिथली दैना त्यांनी उघडपणे सांगितली. २००० च्या अखेरीस त्यांना देश सोडावा लागला. उलट, मेरीनोल संघाचे फादर जेरार्ड हॅमंड हे दक्षिण कोरियात राहणारे अमेरिकन धर्मगुरू क्षयरोग्यांची औषधे घेऊन पन्नासहून अधिक वेळा उत्तरेत गेले. तिथे त्यांनी प्रवचन केले नाही, राज्यकर्त्यांवर टीकाही केली नाही. क्षयाचे औषध महिनोन्महिने अखंड द्यावे लागते. मध्येच खंड पडला तर रोग अधिक चिवट होतो. त्यांचे एक तिखट वाक्य वर्तमानपत्रात छापून आले असते, तर कदाचित कुणाचे तरी औषध अर्ध्यावर थांबले असते.

ह्या दोघांपैकी कोण बरोबर? मला वाटते, दोघांनाही एकच कसोटी लावावी: माझ्या बोलण्याची किंवा गप्प राहण्याची किंमत कोण मोजतो? फोलर्टसन बोलले तेव्हा त्यांनी आपले पदक, मान आणि काम गमावले. पण त्यांच्या मागे राहिलेल्या रुग्णांनीही काही गमावले असेल, हे नाकारता येत नाही. फादर हॅमंड गप्प राहिले तेव्हा त्यांनी आपली सत्य सांगण्याची ऊर्मी गिळली; परंतु त्यांच्या मौनाचा लाभ रुग्णांना झाला. मौन भित्र्याचेही असते आणि आईचेही असते. भित्रा स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसतो, आई लेकराला वाचवण्यासाठी. बाहेरून दोन्ही मौने सारखी दिसतात. म्हणून दुसऱ्याच्या मौनाचा न्याय करण्याची घाई करू नये. मात्र स्वतःच्या मौनाचा न्याय रोज करावा. आणि एक मर्यादा दोघांनाही आहे. गप्प राहणे कधी कधी क्षम्य असते. तेथे सर्व आलबेल आहे असे म्हणणे कधीच क्षम्य नसते.

ही मर्यादा मनात ठेवून मदर तेरेसांच्या आयुष्यातील एका प्रसंगाकडे पाहिले पाहिजे, कारण तो आपल्याला अडचणीत टाकणारा आहे. १९२८ साली घर सोडल्यावर त्यांना आपल्या आईचे दर्शन पुन्हा झाले नाही. आई आणि बहीण अल्बानियाच्या राजधानीत, तिराना येथे, राहत होत्या; युद्धानंतर तिथे एन्व्हर होज्जा यांची राजवट आली आणि देशाची दारे बंद झाली. १९६७ मध्ये त्या राज्याने सर्व धर्माचरणावर बंदी घातली. आई १९७२ साली वारली, बहीण पुढच्या वर्षी. सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या ह्या धर्मभगिनीला आईच्या अंत्यविधीला जाता आले नाही. अखेर ऑगस्ट १९८९ मध्ये त्यांना तिरानात प्रवेश मिळाला. त्यांनी आईच्या व बहिणीच्या कबरीवर फुले वाहिली. आणि होज्जा यांच्या कबरीवरही वाहिली. त्या दिवसांत फादर अर्नेस्ट सिमोनी हे धर्मगुरू, १९६३ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला अटक होऊन अठरा वर्षांचा कारावास भोगल्यावर, गटारसफाईच्या सक्तीच्या कामावर होते.

ह्या फुलांवर पुष्कळ टीका झाली. आपण ती टीका मदरांच्या शत्रूंची म्हणून झटकून टाकू नये. ज्यांचे आप्त होज्जाच्या तुरुंगात मेले, त्यांना ती फुले टोचली असतील. त्यांचे दुःख खरे आहे. मदरांनी तो प्रवेश मिळवण्यासाठी शिष्टाचार पाळला, की मृताला क्षमा केली, हे त्यांचे त्यांनाच माहीत. मी एवढेच म्हणेन की, फूल हे साक्षीचे वाक्य नव्हे. ह्या देशात सर्व ठीक आहे, असे त्या म्हणाल्या असत्या तर गोष्ट निराळी होती. १९९१ मध्ये त्यांच्या धर्मभगिनी तिथे कामाला लागल्या. उरलेली साक्ष ख्रिस्तसभेने पुरी केली: १९९३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्कोदरला जाऊन चार अल्बानियन बिशपांना दीक्षा दिली, आणि ५ नोव्हेंबर २०१६ रोजी त्या राजवटीच्या ३८ हुतात्म्यांना तिथेच धन्य घोषित करण्यात आले. फादर सिमोनी त्याच महिन्यात कार्डिनल झाले. एकाच माणसाने सर्व कर्तव्ये पार पाडावीत असे नाही. पण पाहुण्याच्या फुलांमुळे जे झाकले गेले, ते उघड करणारा कुणी तरी हवाच.

आपल्या भाषेत ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ असा शब्दप्रयोग आहे, आणि पाहुण्यांच्या तोंडाला कुलूप लावण्यासाठी तो हमखास वापरला जातो. आमच्याकडे जेवलात आणि आमच्याविरुद्ध बोलता, असे सत्ताधारी विचारतो. त्यावर पाहुण्याने उलट विचारावे, हे मीठ कुणाचे? एरिओंच्या ताटातला पाव युक्रेनच्या शेतकऱ्याच्या कणगीतून उचललेला होता. प्योंगयांगच्या उपाहारगृहातला भात कुणाच्या तरी वाट्याचा होता. मिठाला जागायचे तर ज्याने ताट वाढले त्याच्यापेक्षा ज्याच्या घरातून मीठ आले त्याला जागले पाहिजे, आणि तो बहुधा पंगतीत नसतो. यजमानाचे आभार मानावेत, त्याचा अपमान करू नये. पण साक्षीचे ऋण त्या अनुपस्थित माणसाचे आहे.

हा विचार करायला परदेशी जाण्याचीही आवश्यकता नाही. आपल्या गावच्या चर्चला, शाळेला, वसतिगृहाला पाहुणे भेट देतात तेव्हा आपण भिंती रंगवतो, मुलांना नवे कपडे घालतो, स्वागतगीत बसवतो. त्यात प्रेम असते. परंतु त्या दिवशी कोणत्या मुलाला मागच्या रांगेत बसवले, हे पाहुण्याला कोण सांगणार? आणि आपण पाहुणे होऊन जातो तेव्हा मागच्या रांगेकडे पाहतो का?

आता त्या तरुणाची गोष्ट. देवगाव फाट्यावरच्या त्या अंगणातून सगळे उठले, तेव्हा तो मागे रेंगाळला आणि आजीबाईंना म्हणाला, “आजी, पाणी मिळेल का?” चहा मिळाला होता, पाणी मागायचे कुणाला सुचले नव्हते. आजीबाई क्षणभर थबकल्या आणि त्यांनी अर्धा तांब्या पाणी आणले. तो तांब्याकडे पाहत राहिला. दोन घोट पिऊन त्याने तो जपून परत केला, आणि विचारले, “हे कुठून आणता?” आजीबाईंनी हात करून दाखवले. गाडीतून हाका येत असताना तो रस्ता सोडून त्या दिशेने चालू लागला. टँकरची वाट पाहत मांडलेल्या घागरींच्या रांगेपर्यंत तो गेला. त्या रांगेत, ज्या घरून साखर उसनी आणली होती त्या घरची बाई उभी होती. तो तिच्याशी बोलला, वहीत काही लिहिले आणि धावत गाडीकडे परतला.

त्याच्या लिहिण्याचा पुढे काय उपयोग झाला, हे मला कळले नाही. पण उसन्या साखरेचे ऋण त्याने जिथे फेडायला हवे होते तिथे फेडले, एवढे मी पाहिले.